पत्र्यावर वाळत घातलेली गाडी

प्रभाकर,

शेवटचा शब्द आपलाच राहावा म्हणून माणूस मरूनसुद्धा जातो, हे मी तुझ्यामुळे पाहिलं.

कार्ड मंगळवारी आलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कुणीतरी गेलं एवढं वाचायच्या आधीच कळलं. कोण गेलं ते कळायला मात्र डोळ्याला भिंग लावावं लागलं, कारण अक्षर तुझ्या पुतण्याचं होतं आणि वाचता येईल असं अक्षर तुमच्या घराण्यात कुणाचंच नाही. मी अकोल्याला दुकानात बसलो होतो. समोर एका मास्तरांचं घड्याळ उघडून पडलं होतं. ते मी पूर्ण जोडलं, झाकण बसवलं, कानाला लावून पाहिलं आणि मग तुला एक शिवी दिली. मोठ्यानं दिली. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर सुमनवहिनी म्हणाल्या, "दत्ताभाऊजी, बाररूमवाले ह्यांच्यावर अंक काढून राहिले. तुमीबी चार शब्द लिहा. तुमच्याइतकं जुनं आता कोणी नाही." मी हो म्हटलं. ते चार शब्द हे. बाररूमवाले हे छापणार नाहीत आणि मीही त्यांना पाठवणार नाही. तू किती मोठा वकील होतास, किती निर्भीड होतास, ते सगळं ते लिहितीलच. तू किती आडमुठा होतास हे त्यांनाही माहीत आहे, पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायला त्यांना अडचण वाटेल. मला वाटत नाही. शाळेत एका बाकावर सात वर्षं तू माझी गणितं उतरवून काढलीस आणि एकदाही पकडला गेला नाहीस. पकडला गेलो मी. माझंच उत्तर तुझ्याशी जुळतं म्हणून छड्या मला, आणि मास्तरांपुढे उभा राहून माझी बाजू मांडणारा तू. वकील तू तिथेच झाला होतास.

पण मला बोलायचं आहे ते त्या मोटारीबद्दल. आपल्यात दुसरं बोलायचं राहिलंय काय?

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याला जखम झाली. टेबल-घड्याळाची गुंडाळलेली पोलादी कमान तुटली आणि तिचा तुकडा उडून डोळ्यात गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी काढला, डोळा वाचला, पण चार महिने दुकान बंद राहिलं. पट्टी निघाली तरी मी दुकान उघडेना. भिंग हातात घेतलं की हात थरथरायचा. हे मी कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलं नव्हतं. मालतीला वाटायचं डोळा दुखतो म्हणून बसलेत. तेव्हा तू एका रविवारी अमरावतीहून, बडनेऱ्याला पॅसेंजर धरून, अकोल्याला आलास, काखेत एक डबा मारून. तुझ्या साळ्यानं अमेरिकेहून पाठवलेला. झाकणावर लांबलचक लाल मोटारीचं चित्र, मागे दोन्ही बाजूंना माशासारखे पंख. मी डबा उघडला तर आत मोटार नव्हतीच. प्लॅस्टिकच्या काड्यांना शंभरावर तुकडे लटकलेले होते, पांढरे फटक.

"हे काय बे?"

"मोटार."

"तुकडे आहे सारे."

"तुकडेच तं जोडतं ना तू दिवसभर? जोड."

"मले नाही जमत आता."

"तुले कोण जोडाले सांगते? मी जोडतो. तू फक्त पाहून राह्य."

आणि तू जोडायला बसलास. देवा रे. शाईच्या बाटलीचं झाकण ज्याला नीट लावता येत नाही तो माणूस चण्याच्या डाळीएवढे तुकडे जोडायला बसला. कागदावरचं इंग्रजी तू कायद्याचं कलम वाचावं तसं मोठ्यानं वाचत होतास, आणि चौथ्या मिनिटाला तू मागच्या चाकाचा दांडा पुढे चिकटवायला निघालास. मी तुझ्या हातातून चिमटा ओढून घेतला. मग दुपारी तीनपर्यंत दिला नाही.

तो डबा तू का आणलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं, प्रभाकर. इतका दूधखुळा मी नव्हतो. कळलं म्हणून बरं वाटलं आणि कळलं म्हणून रागही आला. माझ्यावर कुणी दया केलेली मला खपत नाही, तू केलेली तर मुळीच नाही. पण पुढल्या सोमवारी मी दुकान उघडलं. हात थरथरला नाही. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. आता सांगतोय, तर ऐकायला तू जागेवर नाहीस.

त्यानंतर दोन वर्षं आपला रविवार असा ठरून गेला. मधले सणवार, तुझी मोठी कामं आणि आपली भांडणं सोडली तर तू यायचास, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आपण ती गाडी करायचो. डब्यात सांगितल्यासारखी करायची नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आपलं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. त्या डब्यात म्हणे हौशी लोकांसाठी सगळं दोन-दोन तऱ्हेचं दिलेलं होतं: बंपर दोन तऱ्हेचे, चाकांची झाकणं दोन तऱ्हेची, स्टिअरिंगसुद्धा दोन, एक साधं आणि एक नखरेल. हवं ते लावा, उरलेलं ठेवून द्या. आपण साधं घेतलं. नखरेल स्टिअरिंग डब्याच्या तळाशी पडून राहिलं.

बाकीची गाडी मात्र कुठल्या डब्यातली नव्हती. ती माझ्या दुकानातली होती. सोबत आलेली गोंदाची ट्यूब वाटेतच वाळून दगड झालेली; मी केमिस्टाकडून असिटोन आणलं, त्यात उरलेल्या काड्यांचे तुकडे विरघळवले आणि आपला डिंक आपण केला. मनगटी घड्याळांचे जुने पट्टे सोलून त्यांच्या पातळ कातड्याच्या गाद्या शिवल्या. बायकी घड्याळाची सेकंदाची इवलीशी तबकडी समोरच्या फळीवर मीटर म्हणून बसवली, काट्यासकट. तुझ्या सिगरेटच्या पाकिटातली चांदी नखानं घासून काचेच्या कडांना लावली. त्यासाठी तू जास्त सिगरेटी ओढायला लागलास आणि वहिनींना सांगितलंस की दत्ताला चांदी लागते. हेही मी विसरलेलो नाही. पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगली, कापडी, करंगळीच्या नखाएवढी. ती शिवताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आणि तू म्हणालास, "पाणी भरून पाह्य, गळते का."

मग स्टिअरिंगचं भांडण. ती गाडी अमेरिकेची, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. मी म्हटलं, ते उजवीकडे न्यायचं.

"काहून? मस्त दिसून राहिलं तिथं."

"अकोल्याच्या रस्त्यावर चालवायची का नाही तुले?"

"तू चालवतं का हे वीतभर मोटार?"

"प्रश्न तो नाही. आपल्याकडची गाडी म्हणजे आपल्याकडची."

एक रविवार तू वाद घातलास. दुसऱ्या रविवारी मी करवत घेतली, समोरची फळी कापली, उलटी केली, कानशीनं घासून पुन्हा बसवली. तबकडी उजवीकडे, दांडा उजवीकडे, स्टिअरिंग उजवीकडे. सांधा कुठे आहे ते भिंगातूनही दिसत नव्हतं. आपण दोघं खुर्च्या मागे सरकवून त्या कामाकडे जवळजवळ अर्धा तास पाहत बसलो होतो. मालती चहा घेऊन आली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "अन् डायवर पाय कुठं ठेवते मंग?"

पेडलं डावीकडेच राहिली होती. दोन वर्षं खपणारे दोन शहाणे, एक घड्याळाच्या पोटातला केस शोधणारा आणि एक साक्षीदाराच्या पोटातलं बाहेर काढणारा, आणि दोघांनाही पाय दिसले नाहीत. तू इतका हसलास की चहा नाकातून आला. मी डावीकडची पेडलं तासून काढली, घड्याळाच्या पट्ट्याच्या पिना कापून त्यांची नवी केली आणि उजवीकडे बसवली. त्या दिवशी मी सुखात होतो. लिहितोच आहे तर हेही लिहून टाकतो.

आता पत्र्याची गोष्ट. ती तू लोकांना निराळी सांगत होतास, म्हणून मी जशी घडली तशी लिहितो.

मे महिना होता. कोर्टाला सुट्टी म्हणून तू आठवडाभर माझ्याकडे राहायला आला होतास. रंग कुठला द्यायचा यावर आपण होळीपासून भांडत होतो. मला सायीचा रंग हवा होता, तुला काळा. वकिलाला काळ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. डबा तुझा म्हणून मी ऐकलं. सायकलवाल्याकडून काळा एनॅमल आणला, खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश केला आणि पातळ पातळ असे चार हात दिले. चौथा हात देऊन मी तुला म्हटलं, "सावलीत ठेव. ऊन लागू देऊ नको." एवढं सांगून मी दुकानात गेलो.

त्या दिवसांत मालतीचं वाळवण चालू होतं. मोरीवरच्या पत्र्यावर धोतर पसरून पापड घातलेले, कुरडया घातलेल्या. तू अकोल्यातल्या मे महिन्यात, बारा वाजता, काळ्या रंगानं माखलेली प्लॅस्टिकची मोटार उचललीस आणि त्या पत्र्यावर पापडांच्या रांगेत नेऊन ठेवलीस. मी दोनला जेवायला आलो तेव्हा मालती तुला विचारत होती, "भाऊजी, ते मोटार पापडासंगं कावून ठेवली?"

"वाळाले. तुमचे पापड वाळते, कुरडया वाळते, मंग रंग नाही वाळत का?"

मी शिडी चढलो. रंग वाळला होता. छप्पर मात्र मधोमध खाली बसलं होतं, पोत्यावर कुणी बसून उठावं तसं. काच बाहेर आली होती. खांब वाकले होते. चार महिन्यांचे रविवार त्या छपरात होते. मी गाडी खाली आणली, ताटासमोर ठेवली आणि जेवलो नाही.

आणि तू काय म्हणालास? चुकलं म्हणालास? तू म्हणालास, "तू मले सांगितलं ऊन लागू देऊ नको. पत्र्याचं ऊन वेगळं असते हे कुठं सांगितलं?"

"हे मी सांगाले पाह्यजे? जन्म गेला तुहा वऱ्हाडात."

"जन्म माणसाचा गेला. प्लॅस्टिकचा नाही गेला. अन् करून राहिला सूर्य, चिडून राहिला तू माह्यावर."

"छप्पर बसलं, प्रभाकर. आता काय करू मी त्याले?"

"कापून टाक मंग!" तू ओरडलास, आणि रागानं बाहेर पान खायला निघून गेलास.

मी कापलं. तू पान खाऊन येईस्तोवर छप्पर गाडीवेगळं झालं होतं. पुढचे तीन रविवार मी तुझ्याशी बोललो नाही, तू समोर बसून पेपर वाचत होतास. जुन्या छत्रीचं कापड घेतलं. घड्याळाच्या तुटक्या कमानींचे तुकडे तापवून वाकवले, त्यांच्या फासळ्या केल्या आणि त्यावर कापड ताणून शिवलं. एका कमानीनं माझा डोळा घेतला असता. तसल्याच कमानी होत्या त्या. झालं ते टप असं झालं की चिमट्यानं ओढलं की मागे गोळा होऊन बसावं आणि पुन्हा ओढलं की गाडीवर यावं. पहिल्यांदा ते नीट मिटलं तेव्हा तू पेपर खाली ठेवलास. "आयला," म्हणालास. तुझ्या तोंडून मला मिळालेली सगळ्यात मोठी पदवी तीच.

गाडी पुरी झाली आणि डबा तुझा म्हणून गाडी तुझ्याकडे गेली. त्याचं मला काही नव्हतं. माझ्या खोलीत धूळ फार. तुझ्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला अमरावतीला आलो. तू गाडी कपाटातून काढून टेबलावर ठेवली होतीस. तिच्यापुढे हळदकुंकू, तिच्या नाकावर झेंडूची एक पाकळी. लोक आपापल्या सायकली आणि स्कूटरी पुजतात, तू हिची पूजा केलीस. मला ते फार आवडलं. मी तुला सोनं देणार तेवढ्यात ते रिटायर झालेले जजसाहेब आले. जजसाहेब आले की तुझी भाषा पुण्याला जायची. मले-तुले कुठल्या कुठे.

साहेब वाकून गाडी पाहत राहिले. टप मागे-पुढे केलं. म्हणाले, "वा! अशी उघडी करण्याची कल्पना कशी सुचली?"

तू म्हणालास, "म्हटलं, आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून गाडी असली पाहिजे. मीच म्हणालो, छप्पर कापून टाका. कल्पना माझी, हात आमच्या घड्याळजींचे." आणि तू माझ्याकडे बोट केलंस.

घड्याळजी. माझं नाव दत्तात्रय आहे. सात वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाचं नाव तुला त्या क्षणी आठवलं नाही. आणि तेवढ्यावर थांबला असतास तरी मी चहा पिऊन निघालो असतो. पण साहेब म्हणाले, माझं घड्याळ हल्ली मागे पडतं. आणि तू म्हणालास, "द्या ना, हे बघतील." सणाच्या दिवशी, तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत, नवा सदरा घातलेल्या मला तू ते घड्याळ दिलंस. मी खिडकीशी जाऊन ते उघडलं. काटा थोडा पुढे सरकवला, बंद करून दिलं. साहेबांनी माझ्याकडे न पाहता घेतलं.

दारात मी तुला म्हटलं, "कल्पना तुही का?"

"अबे, म्हटलं नव्हतं का मी कापून टाक? साक्षीदार आहे, मालतीवहिनी."

हे खरंच होतं, हीच तर तुझी खोड. तू खोटं असं कधी बोलायचा नाहीस. खऱ्याचा एक तुकडा घेऊन त्याला आपल्याला हवं तिथे चिकटवायचास.

"एका गाडीले दोन स्टिअरिंग नसतात, प्रभाकर," मी म्हटलं. "तू चालव. मी उतरलो."

"काहून चिडतं बे इतक्याशा गोष्टीवर? ये ना, जेवून जाय."

मी जेवलो नाही. तुझ्यासाठी आणलेलं सोनं बडनेऱ्याच्या फलाटावर एका अनोळखी म्हाताऱ्याला दिलं. तो बिचारा माझ्या पाया पडायला लागला.

तीन वर्षं झाली त्याला. तीन वर्षांत तू माफी मागितली नाहीस. तू घड्याळ पाठवलंस. पहिल्यांदा आलं तेव्हा मला वाटलं खरंच बिघडलं असेल. कोणीतरी अकोल्याला येणारा पक्षकार गाठायचा आणि रुमालात बांधून तुझं मनगटी घड्याळ माझ्याकडे धाडायचं, सोबत चिठ्ठी: "बंद पडलं आहे. पाहावे." मी उघडलं. आत सगळं ठीक होतं. चावी दिलेली नव्हती, एवढंच. मी चावी दिली, घड्याळ चालू झालं, मी ते परत पाठवलं आणि खाली लिहिलं, "चावी देत जा." असं पाच वेळा झालं. पाच वेळा तू तेच लिहिलंस आणि पाच वेळा मी तेच लिहिलं. पाचव्या वेळी मालती म्हणाली, "अहो, त्यायचं घड्याळ बंद नाही पडलं. तुमी बंद पडले. जा ना एखाद्या रविवारी." मी तिच्यावर खेकसलो. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ती गाडी दत्तानं आणि मी केली, एवढंच. 'दत्तानं' हा शब्द आधी आला असता तर उत्तम, नसता आला तरी चाललं असतं. ते वाक्य लिहायला पोस्टकार्डाची एक ओळ पुरते. तू लिहिलं नाहीस. मी गेलो नाही. मग कोपरा फाडलेलं कार्ड आलं, ते पुतण्याच्या अक्षरात.

काल निघताना वहिनींनी गाडी आत ठेवलेला तो डबा माझ्या हातात दिला. झाकणावरची लाल मोटार विटून गुलाबी झालीय. मी म्हटलं, हे मला नको. त्या म्हणाल्या, "न्या. हे म्हणत होते, दत्ता आला की दाखवीन. दोन रविवार दार लावून बसले होते त्याच्यासंगं. मी विचारलं तं म्हणे, दत्ताले सांगू नको, तो मले हासन." मी आगगाडीत डबा उघडला नाही. मांडीवर धरून आलो.

आज शनिवार. सकाळी दुकानात मागच्या खोलीत तो उघडला. डोळ्याला भिंग लावलं.

उजवीकडे माझं स्टिअरिंग होतं, जसं मी बसवलं तसं. आणि डावीकडे दुसरं होतं. ते नखरेल, डब्याच्या तळाशी पडलेलं. तू बसवलेलं. वाकडं. दांड्याला डिंकाचा एवढा मोठा गोळा, मी घासून घासून आरशासारख्या केलेल्या फळीवर ओघळ, आणि ओल्या डिंकावर टेकलेलं तुझं बोट, त्याच्या रेघा प्लॅस्टिकमध्ये उतरलेल्या. दोन रविवार! दोन रविवार बसून तू माझ्या कामाची ही दशा केलीस.

मला इतका संताप आला की काय सांगू. हे उत्तर झालं होय? एक वाक्य लिहायच्या ऐवजी हे? मी म्हटलं होतं एका गाडीले दोन स्टिअरिंग नसतात, तर तू बसवून दाखवलंस. म्हणजे वाद जिंकलास. दोघंही चालवतात असं मांडलंस, आणि प्रतिपक्षाला उत्तर द्यायची सोय न ठेवता उठून गेलास. असं करतात का, हरामखोरा? एकदा समोर येऊन दाखवायचं होतंस. मी हसलो असतो, खरंच हसलो असतो, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला थांबलो असतो.

तेवढ्यात मालती चहा घेऊन आली. माझ्या खांद्यावरून वाकून आत पाहिलं. मग पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "अन् भाऊजी पाय कुठं ठेवते मंग?"

मी पुन्हा भिंग लावलं. नव्हती. डावीकडे पेडलं नव्हती. पुन्हा तीच चूक, प्रभाकर. स्टिअरिंग बसवलंस आणि पाय विसरलास. मी टेबलावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्यासाठी रडलो.

डिंकाचा गोळा मी आज दुपारी घासून काढला. स्टिअरिंग सोडवलं, माप घेतलं आणि सरळ बसवलं. बोटाच्या रेघांना हात लावला नाही. पट्ट्याच्या पिना काढून ठेवल्यात, तीन, सारख्या मापाच्या. उद्या रविवार आहे. तुझी पेडलं उद्या बसवतो. तू मधे हात घालू नको.